मालवणचा दर्या आणि तीन पंचांगं

 

मघाशी दारातच एका गृहस्थांनी आम्हाला अडवलं. म्हणाले, "तुम्ही तत्त्वज्ञान शिकवायचात ना? मग हे हवामान कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका गोष्टीने देतो, म्हणजे आजच्या व्याख्यानाचं काय ते कारण तुम्हाला कळेल.

आम्ही मालवणचे. नोकरीपायी उभा जन्म बाहेर गेला, पण घर तिथलं. नोव्हेंबर २००९ मध्ये आम्ही गावी होतो. शेजारच्या वाडीतला एक पोरगा, विशीतला, आमच्या पडवीत आला. त्याच्या वडिलांची होडी होती, आणि त्या वर्षी प्रथमच तो स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर जाणार होता. त्याने सहज विचारलं, "सर, आता जावक हरकत नाय मां?" आम्ही म्हणालो, "हरकत कसली? दिवाळी झाली, तुळशीचा लगीन झाला, आता दर्या आपलो." हे आमचे वडील म्हणायचे, त्यांचे वडील म्हणायचे. आम्हीही म्हणालो. ही ८ तारीख होती.

९ तारखेला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं. त्याचं 'फयान' नावाचं चक्रीवादळ झालं, कोकण किनाऱ्याला घासत ते उत्तरेला सरकलं आणि ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कित्येक होड्या त्यात गेल्या, माणसंही गेली. आमच्या वाडीतला तो पोरगा दोन रात्री समुद्रात होता. दुसऱ्या एका नौकेने त्याला उचललं म्हणून वाचला. होडी गेली. तो घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो, तेव्हा रागाने नव्हे, अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "सर, तुमी कशावरसून सांगलात ता?"

कशावरून सांगितलंत? आम्ही वर्गात शेकडो मुलांना शिकवलं की, ज्ञान म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, एखादं विधान कशावरून करायचं. आणि इथे एका पोराने तोच प्रश्न विचारला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता आम्ही आमच्या गावाच्या ऋतूंच्या इतिहासात शिरलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे.

पहिल्यांदा मालवणचं वर्ष कसं असतं ते पाहू. घाटावरची माणसं तीन ऋतू सांगतात: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. मालवणात थर्मामीटर लावून बसलात तर तुमची निराशा होईल. दुपारचं तापमान मे महिन्यात तेहतीसच्या आसपास, जानेवारीतही तीसच्या वर, आणि सगळ्यांत कमी कधी, तर ऐन जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे उन्हाच्या मापाने आमच्याकडे ऋतू जवळजवळ नाहीतच. मग ऋतू कशाने ओळखायचा? वाऱ्याने.

नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. हा मतलई वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी उबदार राहतं, म्हणून हवा पाण्याकडे सरकते. दुपारी उलट: जमीन तापते आणि खारा वारा आत येतो. शिडाच्या होड्यांचं सगळं अर्थशास्त्र यावर चालायचं. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. इंधनाचा खर्च शून्य, पण वेळ चुकली की अख्खा दिवस वल्ही मारायची. याच दिवसांत रात्रीच्या गारव्यावर आंब्याला मोहोर धरतो.

फेब्रुवारी-मार्चपासून वायव्येचा वारा जोर धरतो. मे महिन्यात दमटपणा वाढतो, समुद्राचा रंग बदलतो, मोठी लांब लाट किनाऱ्याला लागू लागते. मग आगोटीची बेगमी सुरू होते: घर शाकारायचं, पडवीला झापं बांधायची, लाकडं आत घ्यायची, सुके बांगडे आणि जवळा डब्यात भरायचा, होड्या ओढून वर घ्यायच्या. आणि जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा येतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक चार महिन्यांत.

हा वारा येतो कुठून? आशियाची प्रचंड जमीन उन्हाळ्यात तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो, आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचे वारे विषुववृत्त ओलांडून तिकडे खेचले जातात. पृथ्वी फिरते म्हणून ते उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येचे होऊन येतात. वाटेत सह्याद्री आडवा येतो, बाष्प वर चढतं, थंड होतं, कोसळतं. एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, त्याने १६८६ मध्ये या वाऱ्यांवर निबंध लिहिला, नकाशाही दिला आणि सूर्याच्या उष्णतेला कारण ठरवलं. पृथ्वीच्या फिरण्याचा भाग पुढच्या लोकांनी जोडला.

पण हॅलीच्या कितीतरी आधीपासून हे वारे वापरात होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक आणि रोमन व्यापारी याच वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला यायचे. अरब खलाशांनी त्यांना नाव दिलं 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून तो युरोपच्या इतर भाषांत गेला आणि इंग्रजीतून 'मान्सून' होऊन आपल्याकडे परत आला. तोच शब्द दुसऱ्या वाटेने 'मोसम' म्हणून आपल्या घरात होताच. आंब्याचा मोसम म्हणतो तोच. गंमत बघा: या शब्दाचा मूळ अर्थ पाऊस नाही, वाराही नाही. मूळ अर्थ आहे 'ठरलेली वेळ'. आणि वेळ ठरलेली असेल, तर ती कोणीतरी ठरवलेली असते. आजच्या विषयाची मेख इथे आहे.

आमच्या गावात वेळ ठरवणारी तीन पंचांगं आहेत. तिन्ही एकाच भिंतीवर टांगलेली असतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात.

पहिलं पंचांग सूर्याचं. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो आणि शेतकरी पेरणीला लागतो. आता आम्हा सगळ्यांची समजूत अशी की, हे गणित अनादी काळापासून असंच आहे. ते तसं नाही. आपली नक्षत्रं ताऱ्यांशी बांधलेली आहेत आणि पाऊस बांधलेला आहे सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाशी. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे या दोन्हींत साधारण सत्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडत जातो. मकरसंक्रांत आज १४-१५ जानेवारीला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. फरक डोळ्यांसमोर आहे.

हाच हिशेब मृगाला लावा. शिवाजी महाराजांच्या काळात आजच्या कॅलेंडरने मृग पाचएक दिवस आधी लागत असणार. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहिता लिहिली, तीत पावसाच्या लक्षणांवर अध्याय आहेत. त्याच्या वेळी सूर्य मृगात शिरायचा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा 'मृगाचा पाऊस' हे अनादी सत्य नव्हे. ते अमुक शतकांपुरतं बसलेलं सूत्र आहे. ज्यांनी ते बसवलं त्यांनी आभाळाकडे पाहून बसवलं. आपण फक्त पंचांगाकडे पाहतो.

दुसरं पंचांग चंद्राचं. आमच्याकडे दर्या उघडतो नारळी पौर्णिमेला. मालवणात त्या दिवशी बंदरावर माणूस मावत नाही. किल्ल्यावरून मानाचा नारळ येतो, समुद्राला दिला जातो, मग गावकऱ्यांचे नारळ. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं की, नारळ पडला की दर्या शांत होतो. आता तारखा पाहा. नारळी पौर्णिमा २०२० मध्ये ३ ऑगस्टला आली, २०२३ मध्ये ३० ऑगस्टला. मधे अधिक महिना आला की ती अशी लांबते. जवळजवळ चार आठवड्यांचा फरक! समुद्र काही अधिक महिना पाळत नाही. मग ही तिथी हवामानाची नाहीच का?

आम्हाला वाटतं, ती मुख्यतः माणसांची तिथी आहे. ऑगस्टच्या आरंभी एखाद्या सकाळी समुद्र शांत दिसतो. ज्याच्या घरात धान्य संपलंय, त्याला वाटतं की आजच जावं. एक गेला की दुसरा जातो, कारण मासे त्याला मिळतील नि आपण मागे राहू. अशाने गाव बुडतं. म्हणून सगळ्यांनी एका दिवशी उघडायचं आणि तो दिवस देवाच्या नावाने ठरवायचा, म्हणजे त्यावर घासाघीस होत नाही. चंद्राचा आणखी एक उपयोग आहे. भरती-ओहोटी चंद्रावर चालते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. तिथी सांगणारा कोळी तुम्हाला पाण्याची उंची सांगत असतो. तेव्हा हे पंचांग खोटं नाही. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'वादळ येईल का' हे त्याला कधी विचारलेलंच नव्हतं.

तिसरं पंचांग सरकारी. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढली, भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मधली. त्यांनी नोंदी ठेवल्या, सरासऱ्या काढल्या. केरळात मान्सून १ जूनला, दक्षिण कोकणात त्यानंतर काही दिवसांत, मुंबईत १० जूनला. २०२० मध्ये खात्याने नव्या नोंदींवरून या तारखा सुधारल्या. मुंबईची आगमनाची तारीख ११ जून झाली, आणि पाऊस परतण्याची तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मासेमारीची बंदीही इंग्रजी तारखेने चालते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि माणसांचा जीव, दोन्ही त्यात सांभाळले जातात.

आता या तीन पंचांगांच्या आधारे इतिहास कसा घडला ते पाहू.

सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला २५ नोव्हेंबर १६६४ ला. कुरटे बेटावर दगड, चुना, माणसं, पाणी सगळं होडीने न्यायचं होतं. असं काम समुद्र उघडल्यावरच सुरू करता येतं. बांधकामाला तीन वर्षं लागली. पण आमच्या हिशेबाने ती तीन पूर्ण वर्षं नव्हेत, दर वर्षीचे फार तर आठ महिने. पावसाळ्यात त्या बेटाशी ये-जा कठीणच. आजसुद्धा मे अखेर किल्ल्याची पर्यटकांची होडी बंद होते आणि किल्ल्यातल्या मोजक्या कुटुंबांना बेगमी करूनच राहावं लागतं.

फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं असा आकडा इंग्रजांच्या कागदांत आहे. जाताना वारा पाठीशी होता. परतताना वायव्येच्या वाऱ्याने त्यांना बरेच दिवस अडकवून ठेवलं, असं ग्रँट डफ लिहितो. आम्ही मघाशी सांगितलं ना, फेब्रुवारीपासून वायव्येचा वारा जोर धरतो? दक्षिणेकडून मालवणला यायचं म्हणजे तो तोंडावर. छत्रपती असला तरी वारा त्याला मुजरा करत नाही. आणि महाराजांनी जातीने केलेली ही एकच मोठी समुद्रस्वारी.

पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात आरमाराच्या प्रकरणात लढाईइतकीच काळजी पावसाळी छावणीची आहे. आरमार कुठे ठेवावं, कोणत्या किल्ल्याच्या आश्रयाला ठेवावं, हे सगळं तिथे आहे. आम्हाला यातलं शहाणपण असं दिसतं: राज्य किती मोठं आहे हे समुद्र उघडा असताना कळतं, आणि ते किती नीट चाललंय हे समुद्र बंद असताना कळतं.

मग आगबोटी आल्या आणि एक मोठा बदल झाला. वाफेच्या बोटीला वारा लागत नाही. माणसाला प्रथमच असं वाटलं की, आपण ऋतूच्या पलीकडे गेलो. तरी कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंदच असायच्या. 'बोटी बंद होण्याआधी' हा आमच्या लहानपणी तारखेसारखा वापरला जाणारा शब्द होता. चाकरमानी मे महिन्यात यायचा आणि बोटी बंद होण्याआधी परत जायचा. बोट लांब उभी राहायची, पडावातून उतरावं लागायचं, आणि आईच्या कडेवरची पोरं एका हातातून दुसऱ्या हातात जायची. त्यातलं एक पोर आम्ही होतो. (हशा)

पण मुंबई बंदराच्या तोंडापासची रेवसची फेरी जवळची. ती पावसाळ्यातही चालायची. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट सकाळी रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं, आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ते सुतकात आलं. जुलै महिना, अमावास्येचं उधाण, आणि 'जवळच तर जायचंय' हा विश्वास. लांबच्या प्रवासाला आपण घाबरतो, जवळच्याला घाबरत नाही. ही भीती नीट मोजलेली नसते.

रामदासची आठवण कोकणात आजही आहे. पण त्याआधीची एक तारीख आम्हाला कागदांत सापडली, आणि ती वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. तारीख ११ नोव्हेंबर १९२७.

११ नोव्हेंबर. फयान किनाऱ्यावर आलं तीच तारीख, ब्याऐंशी वर्षांनी. आणि गुजरातच्या किनाऱ्यावर 'वैतरणा', जिला लोक 'वीजळी' म्हणायचे, ती बोट १८८८ मध्ये नाहीशी झाली, तीही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ८ तारखेला.

यात तारखेची जादू काही नाही, हे आधी सांगून टाकतो. अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात ती मुख्यतः दोन वेळी: मान्सून येण्याआधी मे-जूनमध्ये, आणि तो गेल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ऐन पावसाळ्यात खालचे वारे एका दिशेने आणि वरचे दुसऱ्या दिशेने जोरात वाहतात. त्या ओढाताणीत वादळाचा खांब उभा राहत नाही. मान्सून गेला की ही ओढाताण थांबते, आणि पाणी अजून उबदार असतं. म्हणजे समुद्र शांत दिसायला लागतो, तेव्हाच वादळाला लागणारी परिस्थिती तयार असते. आमच्या वडिलांचं 'दिवाळी झाली, दर्या आपला' हे वाक्य शंभरातल्या नव्वद वर्षी बरोबर ठरत असेल. उरलेल्या वर्षी ते माणूस मारतं.

मग प्रश्न असा की, १९२७ ची ती गोष्ट वडिलांच्या वाक्यात का शिरली नाही? ती घडली तेव्हा आमचे आजोबा हयात होते. आमचं उत्तर असं: पंचांगात सरासरी मावते, अपवाद मावत नाही. पावसाळ्याची भीती दर वर्षी ताजी होते. नोव्हेंबरची भीती दोन पिढ्यांत एकदा येते, आणि मधल्या काळात तिला जपणारा एकही सण नाही. नारळी पौर्णिमेला नारळ आहे. ११ नोव्हेंबरला काही नाही.

इथे आमच्या विषयातली एक गोष्ट सांगू द्या. न्यायशास्त्रात अनुमानाचं प्रसिद्ध उदाहरण आहे: जिथे धूर तिथे अग्नी. ही व्याप्ती खरी आहे. आता उलटं म्हणा: जिथे अग्नी तिथे धूर. हे कोसळतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सर्पण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटलं. तुमच्या चुलीत नेहमी ओलंच लाकूड असेल, तर जन्मभर तुम्हाला वाटेल की अग्नीला धूर असतोच. चूक तुमच्या डोळ्यांची नाही. तुम्ही जे पाहिलं ते खरंच आहे. फक्त ते कोणत्या अटीवर खरं आहे, हे तुम्हाला माहीत नाही.

'दिवाळी झाली की दर्या शांत' यात उपाधी लपलेली होती: समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र नसेल तर. आमच्या पूर्वजांना ती पाहण्याचं साधन नव्हतं. आम्हाला होतं. २००९ मध्ये आमच्या घरात रेडिओ होता, फोन होता. आम्ही ते वापरलं नाही, कारण वडिलांचं वाक्य तोंडात तयार होतं. त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. परंपरा चुकली नाही. आम्ही तिची अट विसरून तिचं सूत्र पाठ केलं.

आता ही अट दिवसेंदिवस अधिक महत्त्वाची होत चालली आहे. अरबी समुद्र तापतोय, हे शास्त्रज्ञांच्या नोंदींत स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीत 'क्यार' नावाचं महाचक्रीवादळ कोकणाजवळून गेलं. ते गेलं ओमानच्या दिशेला, पण त्याच्या लाटा आमच्या किनाऱ्यावर घरांपर्यंत आल्या. त्याच्या पाठोपाठ 'महा'. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आमच्या समोरून गुजरातला गेलं. आणि २०२५ मध्ये तर मान्सूनच २५ मेला देवगडपर्यंत आला, दुसऱ्या दिवशी मुंबईत. रोहिणीचा पहिला दिवस होता तो! मृगाला अजून दोन आठवडे, आणि सरकारी बंदीला एक आठवडा.

म्हणजे तिन्ही पंचांगं एकाच वेळी चुकली. नक्षत्र मागे राहिलं, तिथीला तर विचारायचंच नव्हतं, आणि कायद्याची तारीख उजाडायची होती. याचा अर्थ आम्ही पंचांगं फेकून द्यावीत असा नाही. काही मंडळी घाईने तसं म्हणतात: आता उपग्रह आहेत, फोनवर इशारा येतो, नारळ कशाला? त्यांना आमचं सांगणं असं की, उपग्रह तुम्हाला वादळ कुठे आहे ते सांगेल. पण समुद्र बंद असताना सगळ्यांनी मिळून थांबायचं, एकाने चोरून जायचं नाही, हे उपग्रह शिकवत नाही. ते नारळाने शिकवलं. बंदीच्या काळात एक नौका चोरून गेली की काय होतं, हे आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांना सांगायला नको.

डिसेंबर २०१७ मधलं एक चित्र आम्ही विसरू शकत नाही. 'ओखी' वादळात सापडलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ नौका, साडेनऊशेच्या आसपास मच्छीमार, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडच्या आश्रयाला आले. त्यांची भाषा वेगळी, पंचांग वेगळं, सण वेगळे. पण 'वादळातून आलेल्या माणसाला आधी आत घ्यायचं' हा नियम दोन्हीकडे एकच. ऋतू आणि ऋत, हे दोन शब्द एकाच धातूतून आले आहेत. ऋत म्हणजे जगाची नीट चाल, आणि तिच्याशी जुळवून घेतलेली माणसाची चाल. ऋतू बदलले तरी दुसरी गोष्ट आपल्या हातात राहते.

आता त्या पोराचं सांगून थांबतो. तो आता पोरगा नाही, चाळिशीकडे आलाय, त्याचीच दोन पोरं आहेत. नवी होडी घेतली, कर्ज फेडलं. २०२५ च्या मे महिन्यात, २०-२१ तारखेला असेल, त्याचा फोन आला. म्हणाला, सर, होडी वर घेतली. आम्ही म्हणालो, अरे, बंदीला अजून दहा दिवस आहेत. तो म्हणाला, आहेत, पण लाट लांबून येते आहे, हवामान खात्याचा इशारा फिरतो आहे, आणि वाडीतल्या बाकीच्यांशीही बोललो, सगळ्यांनीच वर घ्यायचं ठरलं. २४ मेला समुद्रातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आलं.

त्याचं उत्तर नीट ऐका. त्यात आभाळ आहे, वेधशाळा आहे, आणि वाडी आहे. कशावरून सांगितलंस, असं आम्ही त्याला विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं होतं. सोळा वर्षांपूर्वी आम्हाला जे सांगता आलं नाही, ते.

त्या वेळी त्याने आम्हाला विचारलं नव्हतं, हरकत आहे का म्हणून. बरंच केलं.